पाठटाचण आणि वीणा : बी.एड. करताना छंद कसा सांभाळावा



आजचा विषय तसा साधा आहे. बी.एड. करताना आपला छंद आणि आपलं रोजचं विद्यार्थिजीवन कसं सांभाळायचं, एवढाच. साधा आहे म्हणून तो हलका आहे असं मात्र आम्ही मानत नाही. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींकडून आम्ही वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकत आलो आहोत : "सर, सध्या सगळं बंद आहे." सगळं म्हणजे काय? कुणाचा तबला बंद, कुणाचं गड चढणं बंद, कुणाची भरतकामाची पिशवी माळ्यावर, कुणी वर्षभरात अभ्यासाबाहेरचं एक पुस्तक उघडलेलं नाही. आणि त्याला जोडून पुढचं वाक्यही ठरलेलं : "आधी बी.एड. होऊ दे, मग बघू."

आज आपण या 'मग बघू'चाच विचार करू.

या दोन वर्षांचा आकार

ऐकणाऱ्यांपैकी काहींना बी.एड.ची नीट कल्पना नसेल, म्हणून आधी थोडी माहिती. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमावलीनं तो दोन वर्षांचा केला आणि २०१५-१६ पासून तसा सुरू झाला. त्या नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान २०० दिवस काम, आठवड्याला किमान ३६ तास, वर्गातल्या आणि प्रात्यक्षिकाच्या कामाला ८० टक्के हजेरी आणि शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे इंटर्नशिपला, ९० टक्के. प्रत्यक्ष शाळांशी संबंधित काम दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांचं : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६.

हे झाले कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात काय होतं? सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, मग सेतुपाठ, मग सराव पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण लिहायचं, मार्गदर्शक प्राध्यापकांना दाखवायचं, दुरुस्त करायचं, सही घ्यायची. तक्ते करायचे. सोबत्यांच्या पाठांना मागच्या बाकावर बसून निरीक्षणं लिहायची. कृतिसंशोधन, जर्नलं, आणि सत्र संपताना सगळ्यांचं एकदम सबमिशन. बी.ए.ला वर्ष आळसात घालवून शेवटच्या महिन्यात रात्री जागून निभावून नेणारे आम्ही खूप पाहिले. बी.एड.ला तसं निभत नाही, कारण उद्या सकाळी सव्वाअकराला आठवी 'ब' समोर बसलेली असते. तिला तुमची अडचण ठाऊक नसते.

म्हणजे 'सगळं बंद आहे' म्हणणारी मुलं खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करू.

तासांचा हिशेब

आता पाटीवर मांडतो तसा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज ७ तास झोप धरली तर ४९ गेले. उरले ११९. महाविद्यालयाचे ३६ वजा केले, ८३. येण्याजाण्याला रोज २ तास, सहा दिवसांचे १२, उरले ७१. आंघोळ, जेवण, कपडे, खोलीवरचा स्वयंपाक किंवा घरातली कामं यांना रोज ४ तास धरले तर २८, उरले ४३. टाचणं आणि अभ्यास रोज ३ तास, सहा दिवसांचे १८; उरले २५. आणि खर्चासाठी कुणी संध्याकाळी २ तास शिकवण्या घेत असेल तर आणखी १२ गेले. हाती राहिले १३ तास. दिवसाला दोन तासही नाहीत.

तरीही १३ तास म्हणजे शून्य नाही. मग ते जातात कुठे? हे तास आपल्याला अखंड मिळत नाहीत. बसमध्ये वीस मिनिटं, दोन तासिकांच्या मध्ये पंधरा मिनिटं, रात्री जेवणानंतर डोळे मिटत असताना अर्धा तास, अशा तुकड्यांत ते येतात. आणि तुकडा हातात आला की हात मोबाइलकडे जातो. यात कुणाला दोष द्यायचा नाही. दमलेल्या माणसाच्या हाताला जे सगळ्यात जवळ असतं तेच तो उचलतो. पण तबल्याचा रियाज असा तुकड्यांत होत नाही, चित्रही होत नाही. तेव्हा बी.एड.च्या विद्यार्थ्याची खरी टंचाई सलग तासाची आहे. हा 'सलग तास' शब्द लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला लागणार आहे.

तराजू आणि वीणा

समतोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यात बी.एड., दुसऱ्यात छंद. तराजूचा स्वभाव असा की एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जातं. त्यामुळे जी मुलगी मंगळवारी संध्याकाळी तासभर गायला बसते, तिला तो तास पाठातून चोरल्यासारखा वाटतो. गाताना डोक्यात टाचण आणि टाचण लिहिताना डोक्यात गाणं. दोन्ही धड होत नाहीत. तराजूचं चित्र मनातून काढल्याशिवाय ही खंत जात नाही.

त्याऐवजी बौद्ध वाङ्मयातलं एक जुनं चित्र घेऊ. सोण कोळिविस नावाचा श्रीमंत घरातला तरुण भिक्षू झाला. साधना इतकी कठोर केली की चालून चालून त्याच्या पायांतून रक्त येऊ लागलं. तरी फळ मिळेना. मग त्याच्या मनात आलं, परत घरी जावं. बुद्ध त्याच्याकडे आले आणि त्यांनी विचारलं, घरी असताना तू वीणा वाजवायचास ना? हो म्हणाला. तारा फार ताणल्या की वीणा वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या की? तरीही नाही. मग साधनेचंही तसंच समज.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते आणि 'मध्यम मार्ग' एवढं तात्पर्य काढून आपण ती मिटवून ठेवतो. आपल्या विषयासाठी तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली : वीणेची तार ताणलेलीच असते. ताण नसेल तर स्वरच नाही. तेव्हा बी.एड.चा ताण नाहीसा करणं हे आपलं उद्दिष्ट नाही, तो स्वरात आणणं हे आहे. आणि तार एकदा लावली की कायमची लागत नाही, प्रत्येक बैठकीआधी पुन्हा लावावी लागते. जूनमधलं वेळापत्रक आंतरवासितेच्या आठवड्यांत चालणार नाही, हे त्यातच आलं.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी आहे. बुद्धांनी सोणाला शिकवलं ते त्याच्याच छंदातून. भिक्षू होताना वीणा त्यानं मागे सोडली होती, पण ज्या दिवशी साधना अडली त्या दिवशी उपयोगी पडली ती त्या वीणेनं कानाला लावलेली सवयच. साधना करता करता सोणाला जे कळत नव्हतं, ते त्याच्या बोटांना आधीपासून ठाऊक होतं.

विरंगुळा वेगळा, छंद वेगळा

आता थोडी शब्दांची निवड-टिपण करू. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ही खोड समजा. करमणूक, विरंगुळा, छंद, नाद, व्यसन हे शब्द आपण सैलपणे वापरतो, पण मराठीनं त्यांच्यात फरक ठेवला आहे. विरंगुळा हा श्रमावरचा उतारा. दमलो, म्हणून चार गाणी ऐकली, पुन्हा कामाला लागलो. विरंगुळ्याची किंमत कामावरून ठरते. छंद तसा नाही. छंदामुळे माणूस कधी कधी अधिकच दमतो. राजगड चढून आलेला मुलगा विश्रांती घेऊन आलेला नसतो. तरी तो पुढच्या रविवारी पुन्हा जातो.

संस्कृतात 'छंद' म्हणजे आवड, इच्छा. 'स्वच्छंद' शब्दात ती दिसते. आणि छंद म्हणजे वृत्त, ठराविक आवर्तनानं परत येणारी लय. दोन्ही अर्थ एकत्र घेतले तर आपल्या कामाची व्याख्या मिळते : छंद म्हणजे आवड अधिक आवर्तन. नुसती आवड असेल आणि परत परत येणं नसेल तर ती लहर. परत येणं असेल आणि आवड नसेल तर ती ड्यूटी.

हाच फरक ॲरिस्टॉटलनं त्याच्या पद्धतीनं केला होता. खेळ आणि करमणूक ही कामाच्या थकव्यावरची औषधासारखी, असं तो म्हणतो. फुरसत मात्र औषध नाही, ती स्वतःसाठीच असते. आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून, असा त्याचा क्रम आहे. या फुरसतीला ग्रीक शब्द 'स्खोले'. तोच लॅटिनमध्ये 'स्कोला' झाला आणि त्यातून इंग्रजी 'स्कूल' आला. आपला 'शाळा' हा शब्द 'शाला' म्हणजे घर, दालन यावरून आला, तो इमारतीचं नाव सांगतो. त्यांचा शब्द फुरसतीचं नाव सांगतो. ज्या ठिकाणाचं नावच फुरसत, तिथे शिकवायला जाण्याच्या तयारीत फुरसत पहिल्यांदा कापली जावी, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

आपल्याकडे तरी काय होतं? वेदाध्ययनासारख्या कडक शिक्षणातही 'अनध्याय' होते. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, शिवाय मेघगर्जना झाली तरी अध्ययन बंद. कारणं धार्मिक होती, ती आज आपण मानू असं नाही. पण न शिकण्याचे दिवस नियमात लिहून ठेवले होते. त्या दिवशी विद्यार्थ्याला अपराधी वाटण्याचा प्रश्नच येत नव्हता.

छंद शिक्षकाला काय देतो

सूक्ष्म अध्यापन घ्या. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. आपल्याकडे प्रचलित असलेलं तिचं चक्र ३६ मिनिटांचं : ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य : प्रश्न विचारणं, फळ्याचा वापर, चेतक-बदल, असं काहीतरी. पुष्कळ मुलांना हे अपमानास्पद वाटतं. 'एम.एस्सी. झालो आणि आता फळ्यावर कसं लिहायचं ते सहा मिनिटं दाखवायचं?'

पण ज्याच्या घरी पेटी किंवा तबला आहे त्याला विचारा. एकच पलटा शंभर वेळा घोटायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. सूक्ष्म अध्यापन म्हणजे शिकवण्याचा पलटा. वादकाला त्याचा राग येत नाही. आणि त्या चक्रात सर्वांत मोठा एकसलग भाग, १२ मिनिटं, नुसता थांबून विचार करण्याचा आहे, हेही त्याच्या लगेच लक्षात येतं.

दुसरी देणगी जास्त मोलाची आहे. शिक्षकाला एक आजार हळूहळू जडतो : आपल्याला जे येतं ते समोरच्याला का येत नाही हे त्याला कळेनासं होतं. बेरीज येणाऱ्याला न येण्याची आठवण उरत नाही. यावर एकच पथ्य आहे. स्वतः कुठेतरी कच्चं असावं. चाळिशीतला शिक्षक पोहायला शिकत असेल आणि पाण्यात त्याची छाती दडपत असेल, तर दुसऱ्या दिवशी फळ्याकडे बोलावल्यावर घाबरलेली मुलगी त्याला ओळखीची वाटते. छंद आपल्याला विद्यार्थी ठेवतो.

तिसरी देणगी : तिथे गुण नसतात. बी.एड.च्या दोन वर्षांत तुमचा आवाज, अक्षर, उभं राहणं, खडू धरणं, सगळं कुणीतरी मागच्या बाकावरून टिपत असतं. हे आवश्यक आहे, आमची तक्रार नाही. पण माणसाला अशी एक जागा लागते जिथे त्याचं निरीक्षण चाललेलं नाही. पक्षी बघणाऱ्याला पक्षी श्रेणी देत नाही.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. अभ्यासक्रमातच कला आहेत की! २०१४ च्या रचनेत व्यावसायिक क्षमता वाढवण्याचे चार भाग आहेत : पाठ्यवस्तूचं वाचन आणि चिंतन, शिक्षणातील नाट्य आणि कला, माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक समज आणि स्वतःची जाण. मग छंद त्यातच धरला तर काय बिघडलं? धरावा, जरूर धरावा. पण तेवढ्यावर भागवू नये. ज्या क्षणी वारली चित्र 'शैक्षणिक साहित्य' होतं, त्या क्षणी ते दुसऱ्या कुणासाठी काढलेलं असतं. छंदाचा वर्गात उपयोग होतो, पण उपयोगासाठी केलेला छंद लवकर सुकतो. विहिरीचं पाणी शेताला मिळतं म्हणून कुणी विहीर बुजवून तिथे पीक लावत नाही.

आचार्य अत्र्यांचं उदाहरण पाहा. ते पेशानं शिक्षक. पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि लंडन विद्यापीठाची टी.डी. ही शिक्षकाची पदविका त्यांनी घेतली होती. लंडनला जाण्याआधीच, १९२५ साली, 'झेंडूची फुले' हा त्यांचा विडंबन-कवितांचा संग्रह निघाला होता. विडंबन लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तक असेल असं आम्हाला वाटत नाही. पण शब्द कुठे पोकळ वाजतो हे विडंबनकाराच्या कानाला बरोबर कळतं. पुढे 'नवयुग वाचनमाला' केली तेव्हा तोच कान मुलांच्या पुस्तकासाठी उपयोगी पडला, असं आम्ही मानतो. प्रशिक्षण आणि थट्टेखोर लेखणी, दोन्ही नसते तर ती वाचनमाला तशी झाली नसती.

'मग बघू'चं काय होतं

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. बी.एड. झाल्यावर बघू, म्हणजे केव्हा? बी.एड. झालं की टीईटी. मग भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. मग पवित्र पोर्टल. ही अभियोग्यता चाचणी महाराष्ट्रात पहिल्यांदा २०१७ साली झाली. त्यानंतरची झाली २०२३ साली. ज्या मुलानं २०१७ मध्ये 'नोकरी लागली की बासरी हातात घेईन' असं ठरवलं आणि त्या खेपेला त्याचं नाव लागलं नाही, तो दुसऱ्या परीक्षेला बसला तेव्हा पाच-सहा वर्षांनी मोठा झाला होता. त्या मधल्या वर्षांत त्याच्याजवळ नोकरी नव्हती आणि बासरीही नव्हती.

परीक्षा केव्हा व्हावी, जागा किती निघाव्यात हे आपल्या हातात नाही. त्याविषयी मागणी करावी, मोर्चा काढावा, ते योग्यच आहे. पण आपलं जगणं त्या तारखेला बांधून ठेवणं हे आपण स्वतःहून करतो. आणि नोकरी लागल्यावर तरी काय? पहिल्या वर्षी नवीन शाळा, मग वर्गशिक्षकपण, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, मग लग्न, मुलं. 'मग' नावाचा महिना पंचांगात नाही. बी.एड.ची दोन वर्षं ही पुढच्या तीस वर्षांची रंगीत तालीम आहे. या दोन वर्षांत कामासोबत छंद टिकवायची सवय लागली नाही, तर पुढे ती आपोआप लागेल असं मानायला आम्हाला काही आधार दिसत नाही.

करायचं काय

आता थोडं व्यवहाराचं बोलू.

एक : छंद एकच निवडा. चार छंद असतील तर या दोन वर्षांपुरते तीन नम्रपणे बाजूला ठेवा. ते रागावत नाहीत.

दोन : त्याचं सगळ्यात लहान रूप शोधून ठेवा. गिर्यारोहकाचं लहान रूप म्हणजे पहाटे गावाबाहेरची टेकडी. गाणाऱ्याचं लहान रूप म्हणजे वीस मिनिटं खर्ज. वाचणाऱ्याचं लहान रूप म्हणजे रात्री चार पानं. ज्या आठवड्यात पाच पाठ आहेत त्या आठवड्यात लहान रूप. दिवाळीच्या सुट्टीत मोठं. आंतरवासितेत आकार कमी करा, तार तोडू नका. वीस मिनिटांवर आणलेला रियाज पुन्हा तासावर नेता येतो. सहा महिने बंद पडलेला सुरू करायला फार जोर लागतो.

तीन : आठवड्यात निदान एक सलग तास ठरवा आणि तो दुसऱ्या माणसाशी बांधा. 'रविवारी सकाळी सात, अमक्यासोबत.' स्वतःला दिलेला शब्द आपण सहज मोडतो. सोबती दाराशी उभा असेल तर मोडत नाही.

चार : टाचण लिहिण्यालाही काठ घाला. टाचण हे असं काम आहे की वेळ द्याल तेवढा ते खातं. तीन रंगांच्या पेनांनी सजवलेलं टाचण तपासताना छान दिसतं, पण आठवी 'ब'ला ते दिसत नाही. दीड तास ठरवा, त्यात जमेल तितकं उत्तम करा, मग वही मिटा.

पाच : कट्टा सोडू नका. बी.एड.चा वर्ग इतर वर्गांसारखा नसतो. बावीस वर्षांची मुलगी आणि अडतीस वर्षांची दोन मुलांची आई एका बाकावर असते. भूगोलवाला, संस्कृतवाली, गणितवाला एकत्र चहा पितात. फसलेल्या पाठाची गोष्ट चहावर सांगून सगळे हसतात, तेव्हा त्या पाठातून जे शिकायचं ते शिकून होतं. तो वेळ वाया गेला असं समजू नका.

सहा : झोपेतून छंदाचा वेळ काढू नका. रात्री दोनपर्यंत जागून केलेलं चित्र दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांच्या अंगावर ओरडण्यातून वसूल होतं.

प्रश्नोत्तरं

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे घेतो.

पहिला प्रश्न : "सर, मला छंदच नाही. लहानपणापासून फक्त अभ्यास केला. मी काय करू?"

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुष्कळ घरांत छंद म्हणजे अभ्यासाचा शत्रू असंच शिकवलं जातं. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना, कुणी सांगितलं नसताना, काय करत होता ते आठवा. दगड गोळा करत होता? वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत होता? आजीबरोबर वाफ्यात माती उकरत होता? तिथून धागा उचला. आणि काहीच आठवलं नाही तर शाळेच्या आंतरवासितेत मुलांना विचारा, 'मला काहीतरी शिकवा.' भोवरा फिरवायला शिकवतील. तेवढा वेळ तुम्ही विद्यार्थी आणि ती शिक्षक. याहून चांगला सराव पाठ आम्हाला माहीत नाही.

दुसरा प्रश्न एका ताईंचा : "तुमचा तासांचा हिशेब माझ्या घरात बसत नाही. पहाटे डबे, दुपारपर्यंत कॉलेज, संध्याकाळी मुलाचा अभ्यास, रात्री टाचण. छंद हा शब्द मला चैनीचा वाटतो."

ताई, तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि तो आम्ही केलेल्या सगळ्या मांडणीला लागू पडतो. ॲरिस्टॉटलच्या ज्या फुरसतीचं आम्ही इतकं कौतुक केलं, ती अथेन्समध्ये कुणाला होती? स्वतंत्र पुरुष नागरिकांना. त्यांचं धान्य दळणारे गुलाम होते आणि त्यांची घरं सांभाळणाऱ्या स्त्रिया होत्या. फुरसत आकाशातून पडत नाही. एकाला सलग तास मिळतो तेव्हा बहुधा दुसऱ्या कुणीतरी आपला तास मोडून दिलेला असतो. म्हणून तुमच्या अडचणीवर 'वेळेचं नियोजन करा' हे उत्तर देणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. तुमचं नियोजन आमच्यापेक्षा चांगलंच असणार, नाहीतर हे सगळं चाललंच नसतं. प्रश्न वाटणीचा आहे.

सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, १८४८ पासून शाळेत शिकवलं आणि १८५४ साली 'काव्यफुले' हा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. 'त्यांनी केलं, मग तुम्हीही करा' असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. थोरांची उदाहरणं अशी अंगावर फेकायची नसतात. आम्हाला त्या घराकडे पाहायचं आहे. तिथे नवऱ्यानंच बायकोला शिकवायला सुरुवात केली होती. बाईनं शिकणं ही त्या दोघांमध्ये चोरून करायची गोष्ट नव्हती, दोघांचं मिळून ते काम होतं, आणि त्यापायी १८४९ मध्ये दोघांनाही सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. त्या कवितांच्या मागे ही वाटणी आहे.

तेव्हा तुमच्यासाठी पहिली पायरी छंदाची नाही, बोलण्याची आहे. घरात सांगायचं : आठवड्यातला हा एक तास माझा. त्या तासात डबा, अभ्यास, पाहुणे दुसरं कुणीतरी बघेल. पहिले काही आठवडे त्या तासात तुम्ही काहीच करणार नाही, नुसत्या बसून राहाल किंवा झोपाल. चालेल. तास आधी मिळू दे, त्यात काय करायचं ते मागून सुचतं. आणि तुमचा मुलगा हे पाहतो आहे. आईलाही एक तास असतो, तेव्हा तिला हाक मारायची नसते, हे त्याला समजलं तर तुमच्या शिक्षकीतला तो पहिला पाठ समजा, टाचण न लिहिता दिलेला.

बाकीच्यांना, विशेषतः ऐकणाऱ्या पुरुषमंडळींना, आम्ही एक काम देतो. येत्या रविवारी दिवसभरात आपल्या घरात सलग तास कुणाकुणाला मिळतो आणि कुणाला मिळत नाही, एवढं कागदावर लिहून ठेवा. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्या कागदांवरून करू.